वेबर कार्ब्युरेटरवाली अल्फा रोमिओ खोकते, झटके खाते: आधी सिलिंडर शोधा, मग स्क्रू फिरवा

जुन्या अल्फा रोमिओंचं हे ठरलेलं दुखणं. गाडी सुरू होते, आयडलिंगला बरी वाटते, पण अॅक्सिलरेटर हळूच दाबला की कार्ब्युरेटरमधून (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) ‘फुस्’ नाहीतर ‘फट्’ आवाज येतो, गाडी क्षणभर अडखळते आणि मग एकदम पुढे झेपावते. १९६२ ची जुलिया घ्या, १९६६ पासूनची स्पायडर घ्या किंवा १३०० पासून २००० पर्यंतच्या जीटी घ्या, इंजिनाची घडण एकच: दोन कॅमशाफ्टचं चार सिलिंडरचं अॅल्युमिनियम इंजिन आणि बहुतेकांत त्याच्या कुशीला दोन आडवे जुळे, म्हणजे प्रत्येकी दोन नळ्यांचे, कार्ब्युरेटर. बहुतेक गाड्यांवर ते वेबर ४० डीसीओई असतात, काहींवर सोलेक्स किंवा डेलॉर्तो. पुढचा कार्ब्युरेटर १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला पेट्रोल देतो, मागचा ३ आणि ४ ला. एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढची निम्मी शोधाशोध वाचते.

खालची सगळी मापं वेबर डीसीओईची आहेत. तपासण्यांचा क्रम सोलेक्स आणि डेलॉर्तोलाही चालतो, पण फ्लोटची (आतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) आणि जेटची (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक असलेला पितळी भाग) मापं त्यांची त्यांची वेगळी.

लक्षणं

- थंड असताना ठीक, गरम झाल्यावर १५०० ते ३००० आरपीएमच्या दरम्यान कार्ब्युरेटरमधून खोकला. हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार.
- हळू अॅक्सिलरेटर दाबला तर खोकते, जोरात दाबला तर खोकत नाही. अॅक्सिलरेटर पंपाच्या (पाय जोरात दाबला की पेट्रोलची जादा धार सोडणारा भाग) जेटमधून पडणारं जादा पेट्रोल खड्डा भरून काढतं, म्हणून. मूळ दोष लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेल्या, मिश्रणाचा.
- याच्या उलट: हळू दाबलं तर ठीक, एकदम दाबलं तर इंजिन गप्प होतं आणि मग उचलतं. इथे अॅक्सिलरेटर पंपावर संशय घ्या.
- आयडलिंगला एक सिलिंडर मिसिंग करतो, वेगात सुधारतो.
- आयडलिंग १२०० च्या खाली येतच नाही, किंवा आज ८००, उद्या ११००.
- अर्धा-पाऊण तास चांगली चालून मग चढावर दम तोडते, पाच मिनिटं थांबवली की परत ठीक.
- पाय काढल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके.

कार्ब्युरेटरमधला खोकला आणि सायलेन्सरमधले फटाके यांची गल्लत करू नका. कार्ब्युरेटरमधून परत येणारा फटका म्हणजे बहुतेकदा लीन मिश्रण, कारण ते सावकाश जळतं आणि इनटेक व्हॉल्व पुन्हा उघडेपर्यंत आतली ज्योत जिवंत राहते. उशिरा पडणारी ठिणगी आणि नीट न बसणारा इनटेक व्हॉल्व यांनीही हेच होतं. सायलेन्सरमध्ये फटाके असतील तर न जळलेलं पेट्रोल तिथे पोचतंय किंवा एक्झॉस्टच्या जोडातून हवा शिरतेय. दोन्ही मिळून होत असेल तर आधी इग्निशनकडे बघा.

सुरुवातीला आगीचं

खोकणारा कार्ब्युरेटर म्हणजे आग बाहेर टाकणारा कार्ब्युरेटर. एअर फिल्टर काढून इंजिन चालवताना तोंडाजवळ चेहरा नेऊ नका. पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक हाताशी हवं, बॉनेटच्या आत किंवा डिकीत तळाशी नव्हे. नळी किंवा झाकण उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअर फिल्टरशिवाय, नुसते उघडे भोंगे ठेवून गाडी रस्त्यावर काढायची हौस असेल तर खोकला बरा होईपर्यंत ती आवरा. फिल्टरचा डबा ज्योत अडवतो.

एक, दोन की चार?

बिघाड एका सिलिंडरचा आहे, जोडीचा आहे की चारही सिलिंडरचा, हे ठरवल्याशिवाय काहीही फिरवू नका. बहुतेक जण आधी मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) फिरवतात, मग आयडल स्क्रू (आयडलिंगचा वेग ठरवणारा), मग बॅलन्स (सगळ्या नळ्या सारखीच हवा ओढतील असं जुळवणं), आणि तासाभरात चांगले चाललेले तीन सिलिंडरही बिघडलेल्या एकाच्या रांगेत येऊन बसतात. रोग रेड्याला नि औषध पखालीला.

वेबरची एक सोय अशी की प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा मिक्श्चर स्क्रू आहे. इंजिन पूर्ण गरम करा, म्हणजे पाण्याचा काटा नेहमीच्या जागी आणि वर दहा मिनिटं. चोक पूर्ण आत. आता एकेक मिक्श्चर स्क्रू अगदी हलक्या हाताने आत फिरवत बसेपर्यंत न्या, किती आटे गेले ते कागदावर लिहा आणि तेवढेच आटे मागे घ्या. जोर लावू नका. टोकाची सुई सीटमध्ये दाबली गेली तर तिच्यावर कडं उमटतं आणि नंतर कितीही फिरवलं तरी सेटिंग लागत नाही.

चांगल्या सिलिंडरचा स्क्रू बंद केला की इंजिनाचा वेग पडतो आणि ते थरथरतं. ज्याचा बंद केला तरी काहीच फरक पडत नाही, तो तुमचा आजारी सिलिंडर. मग निदान असं:

- एकच सिलिंडर: प्लग, वायर, आयडल जेट, त्या एका नळीचा रबर माउंट, टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व यांच्यामधला भाग).
- १-२ किंवा ३-४ अशी जोडी: त्या कार्ब्युरेटरचा फ्लोट, जाळी, रबर माउंट किंवा दोन कार्ब्युरेटरचा बिघडलेला बॅलन्स.
- एकाही स्क्रूने फरक पडत नाही: चोक अर्धवट ओढलेला आहे किंवा आयडल स्क्रूने थ्रॉटल (नळीतली हवेची पाती) प्रमाणाबाहेर उघडे ठेवलेत.
- चारही स्क्रूंनी फरक पडतो, पण रस्त्यावर खोकतेच: इग्निशन, पेट्रोलचा पुरवठा, टायमिंग.

प्लगची वायर ओढून सिलिंडर शोधायची जुनी पद्धत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेल्या गाडीवर वापरू नका, मॉड्यूल जातं.

फुकटातल्या तपासण्या

टाकीचं झाकण. अर्ध्या तासाने दम तोडणारी गाडी असेल तर ती दम तोडते तेव्हा लगेच झाकण उघडा. आत हवा खेचल्याचा ‘सूं’ आवाज आला आणि गाडी सुधारली, तर टाकीची हवेची वाट बुजलीय. झाकण नाहीतर व्हेंटची नळी साफ करा.

चोकची केबल. डॅशबोर्डवरची मूठ आत असली तरी कार्ब्युरेटरवरचा लिव्हर पूर्ण मागे येतो का ते हाताने बघा. मूठ आत असताना केबलला थोडी ढील हवीच. वेबरमध्ये चोकसाठी हवेचं झडप नसतं, वेगळा पेट्रोलचा मार्ग उघडतो. तो मिलिमीटरभर उघडा राहिला तरी आयडलिंगला जादा पेट्रोल जातं आणि मिक्श्चर स्क्रू निकामी वाटतात.

ब्रेक सर्वोची (इंजिनाच्या ओढीवर ब्रेकला मदत करणारा डबा) नळी. मॅनिफोल्डकडची (कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोडभाग) नळी काढून ते तोंड रबराच्या बुचाने गच्च बंद करा आणि इंजिन चालवा. खोकला गेला तर नळी, तिचा चेक व्हॉल्व किंवा सर्वोचा पडदा फाटलाय. ही चाचणी फक्त उभ्या गाडीवर; सर्वो तोडून रस्त्यावर जाऊ नका.

इंजिनाची अर्थिंगची पट्टी. ती सैल किंवा गंजलेली असेल तर स्टार्टरचा करंट थ्रॉटलच्या आणि चोकच्या केबलमधून वाट काढतो. स्टार्टर मारल्यावर केबल कोमट लागली तर तेच.

प्लग, वायर, पॉइंट

इथे पैसे कमी लागतात आणि यश बऱ्याचदा इथेच मिळतं. चारही प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवा. दहा-पंधरा किलोमीटर भाराखाली चालवून, आयडलिंग न करता बंद केलेल्या गाडीचेच प्लग वाचण्यालायक असतात. पांढरट, फोड आलेलं टोक लीन. कोरडी काळी काजळी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. ओला प्लग म्हणजे पेट्रोल येतंय पण जळत नाही. तीन तपकिरी आणि एक पांढरा असेल तर कार्ब्युरेटरचं सेटिंग चुकलेलं नाही, त्या एका सिलिंडरमध्ये जादा हवा शिरतेय किंवा जेट बुजलंय.

मूळ प्लग म्हणजे गोल्डन लॉज २एचएल. त्यांना चार इलेक्ट्रोड असतात आणि त्यांचा गॅप लावायचा नसतो, वाकवू नका. एका इलेक्ट्रोडचे साधे प्लग बसवले असतील तर ०.६ ते ०.७ मिमी गॅप ठेवा.

पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधला उघडमीट होणारा संपर्क) गॅप साधारण ०.४ मिमी. पण झिजलेल्या पॉइंटवर खड्डा आणि उंचवटा पडतो, आणि सपाट फीलर गेज तो उंचवटाच मोजतं. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते मोजणारं) असेल तर त्यावरच भरवसा ठेवा, ६० अंशांच्या जवळ आणा. वेग वाढवल्यावर ड्वेल तीनेक अंशांहून जास्त हलत असेल तर डिस्ट्रिब्युटरचं बुश झिजलंय. कंडेन्सर हा गरम झाल्यावर दगा देणारा भाग आहे: थंड असताना सगळं ठीक, गरम झाल्यावर मिसिंग आणि पॉइंटवर निळसर जळकी ठिणगी. तो स्वस्त आहे, तपासत बसण्यापेक्षा बदलून बघा. नवीन निघालेला कंडेन्सरही खराब असू शकतो, म्हणून जुना चालत असेल तर टाकू नका.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. क्रँकच्या पुलीवर तीन खुणा आहेत: पी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, एफ म्हणजे ठरलेला स्थिर अॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते), एम म्हणजे कमाल अॅडव्हान्स. टायमिंग लाइट एक नंबरच्या वायरवर लावा. आयडलिंगला एफ जुळते एवढ्यावर समाधान मानू नका. वेग वाढवाल तशी खूण न अडखळता एमकडे सरकली पाहिजे आणि ५००० च्या आसपास तिथे टेकली पाहिजे. ती मधेच अडकते किंवा उडी मारते तेव्हा डिस्ट्रिब्युटरमधली वजनं गंजलीत नाहीतर स्प्रिंग सैल पडलीय. अॅडव्हान्स मिळाला नाही तर इंजिन तापतं, खोकतं, आणि माणूस उगाच जेट बदलत बसतो.

आयडल जेट

एका सिलिंडरचा खोकला बहुधा इथे सापडतो. नाव आयडल जेट असलं तरी साधारण २५०० ते ३००० आरपीएमपर्यंतचं सगळं इंजिन यावरच चालतं, मुख्य जेट त्यानंतर कामाला लागतो. जेटवर ५० असं कोरलेलं असेल तर भोक ०.५० मिमीचं. टाकीतला गंजाचा एक कण पुरे होतो.

कार्ब्युरेटरच्या माथ्यावर मधोमध पंखनट आहे. तो काढून गोल झाकण उचला. आत प्रत्येक नळीचे दोन, असे चार पितळी डोके दिसतात: मुख्य जेटचे दोन लांब दांडे आणि आयडल जेटचे दोन आखूड. बरोबर मापाचा सपाट स्क्रूड्रायव्हर वापरा, पितळेची खाच लगेच गोल होते. कुठला कुठून काढला ते लिहा. जेट उजेडासमोर धरा; भोकातून टाचणीच्या टोकाएवढा स्वच्छ गोल प्रकाश दिसला पाहिजे, चंद्रकोर दिसली तर कचरा आहे. कार्ब्युरेटर क्लीनर आणि दाबाची हवा मारा. तार घालू नका. ०.५० चं भोक तारेने ०.५३ झालं की तो सिलिंडर कायमचा रिच. बाजूची हवेची बारीक भोकंही फुंका.

खात्री हवी असेल तर आजारी सिलिंडरचा जेट शेजाऱ्याशी अदलाबदल करा. आजार जेटबरोबर सरकला तर जेट दोषी. आजार जागेवरच राहिला तर प्लग आणि वायर याच पद्धतीने फिरवा, एका वेळी एकच.

जेटवरचे आकडे चारही सिलिंडरना एकच आहेत ना हेही बघा. मागच्या मालकाने तीन एफ८ आणि एक एफ९ बसवलेले सापडतात. पुढचा आकडा भोकाचा, एफचा आकडा हवेच्या वाटेचा. एफ९ हा एफ८ पेक्षा रिच आणि एफ६ त्याहून रिच. आकडा मोठा म्हणजे रिच असं एफच्या बाबतीत नाही.

जेट साफ करून आठवड्यात पुन्हा बुजत असेल तर दोष जेटचा नाही. प्रत्येक कार्ब्युरेटरवर जिथे पेट्रोलची नळी येते तिथल्या पितळी बुचाखाली बारीक जाळीची टोपी असते. ती काढून बघा. फाटलेली असेल तर बदला, तपकिरी भुकटीने भरलेली असेल तर टाकी गंजलीय. जास्त इथेनॉल असलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आतून सोलवटतात, त्यांचे काळे कणही इथेच सापडतात. तशा नळ्या एसएई जे३० आर९ दर्जाच्या घेऊन एकदम सगळ्या बदला.

रबर माउंट

अल्फाची ही खास जागा. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये धातूच्या पट्टीवर चिकटवलेलं रबर असतं, इंजिनाच्या कंपनांनी पेट्रोलला फेस येऊ नये म्हणून. वर्षानुवर्षं पेट्रोल, उष्णता आणि कार्ब्युरेटरचं ओझं सोसून ते तडकतं आणि तडा नेमका खालच्या बाजूला जातो, जिथे दिसत नाही. कार्ब्युरेटरखालचा आधाराचा दांडा मागच्या दुरुस्तीत गहाळ झालेला असेल तर नवीन रबरही लवकर जातं. तो दांडा आहे का, आधी तेच बघा.

इंजिन आयडलिंगला ठेवून कार्ब्युरेटर हाताने हलकेच वर उचला, मग खाली दाबा. वेग बदलला तर तडा उघडमीट होतोय. दुसरी पद्धत: साध्या पाण्याची फवारणीची बाटली घेऊन माउंटच्या कडेला थोडं पाणी मारा. इंजिन लडखडलं तर तिथून हवा शिरतेय. बरेच जण यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर मारतात. खोकणाऱ्या इंजिनावर ज्वालाग्राही फवारा मारणं हा वेडेपणा आहे. पाणी डिस्ट्रिब्युटरवर उडवू नका.

तपासणी निर्विवाद करायची तर कार्ब्युरेटर उतरवून रबर बोटांनी वाकवा, टॉर्च आतून धरा आणि रबर-धातूच्या जोडावर नीट बघा. तडा तिथूनच सुरू होतो. सिलिकॉनचा लेप लावून वेळ मारून नेऊ नका, पेट्रोलने तो फुगतो आणि तुकडे इंजिनात जातात. एक फाटला की दोन्ही कार्ब्युरेटरचे बदला, गॅस्केट नवीन घाला, नट एकाआड एक थोडे थोडे आवळा. महिनाभराने पुन्हा एकदा आवळून बघा.

पेट्रोलचा दाब आणि फ्लोट

वेबरला दाब सोसत नाही. पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये टी-जोड लावून गेज बसवा, ०.२ ते ०.२५ बार पुरे. मूळचा मेकॅनिकल पंप काढून बसवलेले इलेक्ट्रिक पंप सहसा याच्या दुप्पट दाब देतात. मग नीडल व्हॉल्व (फ्लोटमुळे पेट्रोलची वाट मिटवणारी सुई) बंद राहू शकत नाही, पेट्रोल मुख्य नळीतून ठिबकतं, आयडलिंग काळं होतं. अशा पंपाला रेग्युलेटर हवाच.

फ्लोटची पातळी कमी असेल तर मुख्य जेट उशिरा सुरू होतो आणि ३००० च्या आसपास खड्डा पडतो. जास्त असेल तर वळणावर आणि जोरात ब्रेक मारल्यावर पेट्रोल सांडतं. वरचं झाकण काढून त्याचं गॅस्केट जागेवर ठेवा. झाकण उभं धरा म्हणजे फ्लोट लोंबकळेल आणि जीभ नीडलच्या चेंडूला टेकेल, पण तो चेंडू आत दाबला जाणार नाही. दाबला तर माप खोटं येतं. या स्थितीत गॅस्केटपासून फ्लोटपर्यंत ८.५ मिमी, आणि फ्लोट पूर्ण खाली सोडल्यावर १५ मिमी. ही मापं पितळी फ्लोटची. नंतरच्या कार्ब्युरेटरवर प्लॅस्टिकचे फ्लोट असतात, त्यांना हे माप लावाल तर सेटिंग पार चुकेल. त्यांच्या तक्त्यातलं घ्या. माप लावताना फ्लोटची जीभ वाकवायची, फ्लोटवर जोर द्यायचा नाही. पितळी फ्लोट कानाजवळ हलवून बघा; आत पेट्रोल डचमळलं तर तो फुटलाय, बदला. नीडल बदलताना सीटही बदला.

अॅक्सिलरेटर पंप

इंजिन बंद, एअर फिल्टर काढलेला. टॉर्च धरून थ्रॉटल हाताने झटकन उघडा. प्रत्येक नळीत लगेच एक सरळ धार पडली पाहिजे आणि ती व्हेंचुरीच्या (नळीतला अरुंद भाग) भिंतीवर न आपटता थ्रॉटलच्या फटीकडे गेली पाहिजे. धार उशिरा आली किंवा एकीकडे कमी आली तर पंपाच्या जेटमध्ये किंवा त्याच्या वाटेतल्या चेंडूत कचरा आहे. डेलॉर्तोमध्ये पिस्टनऐवजी पडदा असतो, तो कडक होतो.

बॅलन्स: हे शेवटी

बरोबर क्रम लागल्याशिवाय बॅलन्सला हात घालण्यात अर्थ नाही. एक रबर फाटलेलं असताना केलेला बॅलन्स म्हणजे फाटक्या रबराशी जुळवून घेतलेली गाडी. रबर बदललं की पुन्हा पहिल्यापासून.

आधी अॅक्सिलरेटरची जोडदांडी सोडा आणि दोन्ही कार्ब्युरेटर पूर्ण मिटतात का ते बघा. दांड्यांचे गोळे झिजलेले असतील तर आयडलिंगला लागलेला बॅलन्स २००० ला टिकत नाही, तेव्हा ते आधी बदला. मग सिंक्रोमीटर (नळी किती हवा ओढते ते मोजणारं) प्रत्येक नळीवर धरा. पुढच्या आणि मागच्या कार्ब्युरेटरमधला फरक दोघांमधल्या स्क्रूने काढा. एकाच कार्ब्युरेटरच्या दोन नळ्यांत ताशी अर्ध्या किलो हवेहून जास्त फरक असेल आणि हवेचे बायपास स्क्रू असतील, तर कमी ओढणाऱ्या नळीचा स्क्रू थोडा उघडा. जास्त ओढणाऱ्याचा बंदच ठेवा. नंतर मिक्श्चर: प्रत्येक स्क्रू आत घ्या, वेग पडू लागला की थांबा आणि पाव आटा बाहेर. सर्वसाधारण जुन्या वेबरला दीड आट्याच्या आसपास बसतं. एखाद्याला तीन आटे लागत असतील तर तिथे अजून काहीतरी पाणी मुरतंय. शेवटी आयडल ८०० ते ९०० वर आणा आणि १५०० ला पुन्हा सिंक्रोमीटर लावा.

इतकं करूनही हलक्या अॅक्सिलरेटरला खोकतच असेल तर कार्ब्युरेटरच्या माथ्यावरचे छोटे पितळी बूच काढून आत टॉर्च मारा. तिथे प्रोग्रेशनची (आयडलिंगपासून मुख्य जेट सुरू होईपर्यंत पेट्रोल देणारी) भोकं दिसतात. आयडलिंगच्या स्थितीत थ्रॉटलच्या पातीची कड पहिल्या भोकाच्या अलीकडे असायला हवी. कड भोकाच्या पलीकडे गेली असेल तर थ्रॉटल जास्त उघडं आहे, म्हणजे कुठेतरी आयडलची कमतरता आयडल स्क्रूने झाकलीय. जेट आणि बॅलन्सकडे परत जा.

कम्प्रेशन आणि टॅपेट

चारही प्लग काढा, कॉइलची वायर काढून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कम्प्रेशन मोजा. ठणठणीत इंजिन १० ते १२ बार दाखवतं. आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा, तो दीड बारपेक्षा जास्त नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा, जैसे थे राहिलं तर व्हॉल्व.

इनटेक व्हॉल्वची सीट झिजली की व्हॉल्व वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होत जातो. आवाज वाढत नाही, उलट इंजिन शांत होतं, आणि म्हणूनच दुर्लक्ष होतं. शांत टॅपेट आणि एका सिलिंडरचा कार्ब्युरेटरमधून खोकला ही जोडी दिसली तर कॅमचं झाकण काढून इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने गॅप मोजा, कॅमचा नाकाडा टॅपेटपासून दूर असताना. मोजणं घरी होतं. गॅपचं माप मॉडेलप्रमाणे बदलतं, तुमच्या गाडीच्या पुस्तकातलं घ्या.

इथे थांबा, जाणकार मेकॅनिककडे द्या

टॅपेटचा गॅप दुरुस्त करायला शिम (ठरलेल्या जाडीची चकती) बदलावी लागते, त्यासाठी कॅम उतरवावे लागतात. चेनच्या खुणा एक दात चुकल्या तरी व्हॉल्व पिस्टनवर आपटू शकतात. पहिल्यांदाच करत असाल तर करू नका.

थ्रॉटलच्या दांड्याचं टोक पिळवटलेलं असेल, म्हणजे एका नळीची पाती मिटते आणि दुसरीच्या कडेने उजेड दिसतो, तर तो दांडा आणि बेअरिंगं बदलणं कार्ब्युरेटर बनवणाऱ्याचं काम. प्रोग्रेशनच्या वाटा आतून बुजल्या असतील तर शिशाची बुचं फोडून काढावी लागतात. घरी छिन्नी लावली की कार्ब्युरेटर भंगारात. थ्रॉटल उघडल्यावर परत येताना कुठेही अडकत असेल तर गाडी रस्त्यावर नेऊच नका. टाकी गंजली असेल तर ती उतरवून साफ करणं, आणि त्यातही वेल्डिंगचा विचार, व्यावसायिकालाच सोडा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. दोन शेजारच्या सिलिंडरचं कम्प्रेशन एकदम कमी आलं तर हेड गॅस्केटवर संशय आहे, तिथे कार्ब्युरेटरची चर्चाच संपली.

अमेरिकेत १९६९ पासून विकलेल्या बऱ्याच गाड्यांवर स्पिकाचं मेकॅनिकल इंजेक्शन असतं. लक्षणं हीच दिसली तरी त्यात प्लग, इग्निशन, पेट्रोलचे फिल्टर आणि जोडदांड्या एवढंच घरी तपासा. इंजेक्शन पंपाचा लॉजिक भाग उघडू नका, तो स्पिका जाणणाऱ्याकडेच द्या.

मेकॅनिककडे जाताना कागद बरोबर न्या: कुठल्या सिलिंडरचा स्क्रू निकामी होता, चौघांचे आटे, जेटवरचे आकडे, कम्प्रेशनचे चार आकडे, ड्वेल, आणि खोकला नेमका कोणत्या आरपीएमला येतो ते.